तंबूतल्या कारागिराला कंपनीत बोलावताना

अगं, फॅमिली डेचं काम गळ्यात पडलं म्हणून इतकी धास्तावू नकोस. एचआरमध्ये जो सगळ्यात नवा, त्याच्याकडे हे काम जातं. चाकणला काय नि भोसरीला काय, रीत एकच. या वर्षी ऑर्केस्ट्रा आणि लकी ड्रॉ बाजूला ठेवून सर्कसचे कलाकार बोलवायचं घाटतंय, हे ऐकून मला तर फार बरं वाटलं. कामगारांच्या पोराबाळांना डोळ्यांसमोर, हाताच्या अंतरावर, जिवंत माणसाचं कसब बघायला मिळेल.

पण एक गोष्ट आधी मनाशी पक्की कर, कारण पुढचं सगळं तिच्यावरच उभं आहे. मंडप आणि साउंड ठरवतेस तसा सर्कसचा कलाकार ठरवू नकोस. तुमच्या टूलरूममध्ये एखादा जुना जाणता कारागीर असतो ना, ज्याच्या हाताला मायक्रॉन कळतो आणि ज्याच्याशी मॅनेजरसुद्धा अदबीनं बोलतो, तसा हा माणूस आहे असं समज. त्याला बोलव, नीट पैसे दे, आणि जमेल तेवढं त्याच्याकडून शिकूनही घे. शिकल्याशिवाय त्याला काय लागतं, कशाची भीती असते, कशाचे पैसे तो मागतो, हे तुला कळणारच नाही.

म्हणून फोन फिरवायच्या आधी तीन चेंडू हातात घे. खरंच सांगतेय. दुकानातले नकोत. जुन्या मोज्यांच्या टोकात मूठभर बाजरी भर, घट्ट गाठ मार, वरून दुसरा मोजा चढव. असे तीन कर. पडले तरी जागच्या जागी बसतात, कॉटखाली गडगडत जात नाहीत. पलंगाकडे तोंड करून उभी राहा, म्हणजे दर वेळी कंबर मोडून वाकायला नको. आधी एकच चेंडू. उजव्या हातातून डाव्यात, डाव्यातून उजव्यात, दर वेळी डोळ्यांच्या उंचीपर्यंत जायला हवा. कंटाळा येईल, पण उंची सारखी येईपर्यंत दुसरा उचलू नकोस. मग दोन. पहिला वर जाऊन क्षणभर थांबल्यासारखा दिसतो, नेमका तेव्हा दुसरा त्याच्या आतल्या बाजूनं वर सोडायचा. इथे सगळ्यांचं एकच होतं: दुसरा चेंडू वर न टाकता गुपचूप पहिल्या हातात सरकवला जातो. तसं झालं की थांब आणि झेलायचा नादच सोड. दोन्ही नुसते वर टाक, पडू दे. 'टाक, टाक, धप, धप' हा ठेका कानाला पटला की झेल आपोआप येतो. तिसरा चेंडू त्यानंतर. ज्या हातात दोन आहेत तिथून सुरुवात करायची आणि प्रत्येक चेंडू माथ्यावर पोचला की पुढचा सोडायचा. पाय पुढे पुढे चालायला लागतील, तेव्हा भिंतीकडे तोंड कर.

रोज दहा मिनिटं पुरतात. जर्मनीतल्या संशोधकांनी 2004 मध्ये 'नेचर'मध्ये एक अभ्यास छापला होता. तीन महिने हीच तीन चेंडूंची कसरत शिकलेल्या लोकांच्या मेंदूतला, हलत्या वस्तू टिपणारा भाग थोडा वाढलेला दिसला, आणि सराव बंद केल्यावर ती वाढ पुन्हा कमी झाली. हे मला फार महत्त्वाचं वाटतं. कलाकार वीस मिनिटं खेळ करतो, पण त्या वीस मिनिटांसाठी त्याला रोज सराव करावा लागतो. 'वीस मिनिटांचे एवढे पैसे?' असं हिशेब विभाग विचारेल तेव्हा हे त्यांच्यापुढे ठेव.

थोडे दिवस हे केलंस की तुझे प्रश्नच बदलतील. छताची उंची किती, वर पंखे आहेत का, स्पॉटलाइट थेट डोळ्यांत तर येणार नाही, लॉनवर वारा किती, हे तूच आधी विचारशील. चांगला कलाकारही नेमकं हेच विचारतो. मोशी-चिखलीकडच्या लॉन्सवर संध्याकाळी वारा सुटतो. हलके चेंडू आणि रिंगा तिथे कामाच्या नाहीत. जो काहीच न विचारता 'सब हो जाएगा मॅडम' म्हणतो, त्याच्यापासून जरा सावध.

इव्हेंटवाल्यामार्फत गेलीस तरी कलाकाराशी एकदा स्वतः बोल. त्याचं नाव, तो कुठे शिकला, हे विचार. त्याच्या खेळाचं सलग, न कापलेलं चित्रीकरण माग. तीस सेकंदांच्या रीलमध्ये पडलेले चेंडू दिसत नाहीत. मधल्या माणसाला जाणाऱ्या रकमेतून कलाकाराच्या हातात नेमकं किती पडणार, हेही विचारायला लाजू नकोस. तुमचा ठेकेदार कामगारांना किमान वेतन देतो की नाही हे तपासता ना? मग इथेच गप्प का बसायचं?

आणि जमलं तर एक वेगळा विचार कर. सर्कसचा मुक्काम जवळपास असेल तर कलाकार कंपनीत आणण्यापेक्षा कंपनी तंबूत घेऊन जा. रॅम्बो सर्कस आपली पुण्याचीच, पी. टी. दिलीप यांनी 1991 मध्ये उभी केलेली. तंबू पडला की चौकशी कर, एक पूर्ण खेळ कामगारांच्या कुटुंबांसाठी राखून मिळतो का बघ, आणि शिफ्टच्या बसगाड्याच तिकडे ने. झुल्याचा खेळ तंबूत, खाली जाळी बांधलेली असतानाच बघावा. शेडमध्ये त्याची सर नाही. 2020 च्या टाळेबंदीत हीच मंडळी नवी मुंबईत ऐरोलीला अडकून पडली होती. तंबू उभा, प्रेक्षक नाही. तेव्हा त्यांनी 'लाइफ इज अ सर्कस' नावाचा खेळ चित्रित करून ऑनलाइन दाखवला. अशा माणसांचा एक खेळ आपण प्रेक्षकांनी भरून टाकला, तर तेही कामगार कल्याणच झालं.

आता सगळ्यात काळजीची गोष्ट. कोणीतरी हौशी माणूस मीटिंगमध्ये नक्की म्हणेल, 'आपल्या शेडमध्ये वर धावणारी ईओटी क्रेन आहे, तिच्या हुकाला ते रेशमी कापड बांधू, पोरगी वर चढून कसरत करेल, काय भारी फोटो येतील!' तिथल्या तिथे नाही म्हण. हुकावर पाच टन लिहिलेलं असेल, पण ती क्रेन माल उचलायला आहे, माणूस टांगायला नाही. कापडावरून गिरक्या घेत खाली येऊन एकदम थांबणाऱ्या शरीराचा धक्का त्याच्या वजनाच्या कितीतरी पट असतो, आणि कोणाचा हात चुकून क्रेनच्या पेंडंटवर, म्हणजे बटणांवर, पडला तर काय होईल, ते तू कारखान्यात आहेस, तुला सांगायला नको. हवेतली कसरत ठेवायचीच असेल तर कलाकाराची स्वतःची चौकट हवी, ती कोणत्या जाणकारानं तपासली ते कागदावर हवं, खाली जाड गादी हवी, आणि ती उभी करायला अर्धा दिवस द्यायला हवा. यातलं एक जरी जमत नसेल तर जमिनीवरचे खेळ ठेव. चेंडू, मुदगल, काठीवर फिरणाऱ्या थाळ्या, एकचाकी सायकल, फळीखाली नळकांडं ठेवून साधलेला तोल, यांत काय कमी गंमत आहे?

आगीचे खेळ तर साफ नकोत. पेंट शॉप, थिनर, कटिंग ऑइल असलेल्या आवारात तोंडातून ज्वाळा काढणं हा वेडेपणा आहे. आणि प्रेक्षक तर राहू देच, त्या कलाकारालाही इंधनाचा घोट चुकून श्वासात गेला तर फुप्फुसांना जबर सूज येते. तुमचे सेफ्टी ऑफिसर याच्यावर सही करणार नाहीत, आणि करत असतील तर तू अडव.

उंच पायांचा माणूस मात्र जरूर बोलव, पोरांना तो सगळ्यात आवडतो. पण त्याचं एक दुखणं बहुतेकांना माहीत नसतं. ते लाकडी किंवा अॅल्युमिनियमचे पाय बांधायला त्याला उंच बसायला लागतं: टेम्पोचा हौदा, नाहीतर भक्कम टेबलाची कड. ती सोय गेटजवळ नको, आडोशाला कर. पट्टे पोटऱ्यांना करकचून बांधलेले असतात. त्यामुळे अर्ध्या-पाऊण तासानं त्याला बसू द्यायला हवं. पाणी मारलेलं लॉन, जमिनीवर पसरलेल्या साउंडच्या वायरी आणि त्याची पँट ओढणारी पोरं, हे तीन त्याचे वैरी. तुमच्यातला एक शांत डोक्याचा माणूस सतत त्याच्याबरोबर चालता ठेव.

गेटवरचंही बघ, नाहीतर सगळा दिवस तिथेच मोडतो. कलाकार येतात तेव्हा त्यांच्याकडे पेट्या, नळकांडी, चाकं, दोऱ्या असतात. आत जातानाच सगळं लिहून घे आणि रिटर्नेबल गेट पास करून ठेव. एरवी रात्री खेळ संपवून थकलेली माणसं सिक्युरिटीच्या केबिनबाहेर तासभर ताटकळतात. शिफ्ट सुटायच्या वेळेला त्यांना बोलावू नकोस. चाकणच्या तळेगाव चौकात आणि आंबेठाण चौकात गाडी अडकली की अडकली. दुपारीच येऊ दे, तुमच्याच कँटीनमध्ये, तुमच्याच ताटात जेवू दे. एका कंपनीत मी कलाकारांना पार्किंगमध्ये सायकल स्टँडच्या मागे कपडे बदलताना पाहिलंय, तेही बायकांना. त्या दिवशी मला स्टेजवरचं काही गोड लागलं नाही.

तेव्हा कडी लागणारी, आरसा असलेली, शौचालय जवळ असलेली वेगळी खोली, ही तुझ्या यादीतली पहिली ओळ असू दे. आणि स्टेजवरची बाई तुमच्या पगारपत्रकावर नाही म्हणून तिला कोणी वाली नाही, असं कोणाला वाटू देऊ नकोस. 2013 चा लैंगिक छळाविरुद्धचा कायदा कामाच्या जागी आलेल्या कुठल्याही स्त्रीला लागू आहे, मग ती तिथे नोकरीला असो वा नसो. शिट्ट्या, जवळ जाऊन मोबाइलवर चित्रीकरण, खेळ झाल्यावर 'एक सेल्फी' म्हणून खांद्यावर टाकलेला हात, यांतलं काय चालणार नाही ते सूत्रसंचालकाकडून सुरुवातीलाच, हसतमुखानं पण स्पष्ट सांगून घे. कामगार ऐकतात गं. समोर त्यांच्या बायका-मुली बसलेल्या असतात.

मुलांच्या बाबतीत तडजोड नको. सुप्रीम कोर्टानं एप्रिल 2011 मध्ये सर्कशीत मुलांना कामाला लावण्यावर बंदी आणायला सांगितलं. पुढे 2016 मध्ये बालमजुरीचा कायदा बदलला, तेव्हा सिनेमा-मालिकांत मुलांना काम करायची मुभा ठेवली, पण सर्कस त्यातून मुद्दाम वगळली. म्हणून 'मालकाची पोरगी आहे, हौसेनं करते' असं कोणी म्हणालं तरी नाही म्हण. तुमच्या कामगारांच्या मुलांनी स्टेजवर येऊन चेंडू झेलले तर ती वेगळी गोष्ट. प्राण्यांचंही तेच. वाघ, सिंह, अस्वल, माकड यांच्या खेळांवर 1998 च्या अधिसूचनेनं बंदी आली आणि 2001 मध्ये सुप्रीम कोर्टानं ती कायम केली. पोपट, उंट, घोडा असलं काही कोणी सुचवलं तर विषयच वाढवू नकोस. माणसांचं कसब भरपूर आहे.

आता हे सांगताना मन जरा जड होतं. आपल्या भागात चौकात कधी डोंबाऱ्याचा खेळ लागतो. ढोलकी, दोन बाजूंना काठ्यांचे तिवडे, मध्ये ताणलेली दोरी, आणि हातात लांब काठी घेऊन त्यावरून चालणारी आठ-नऊ वर्षांची पोर. तिच्या तळपायाकडे बघ कधी. अंगठा आणि शेजारचं बोट यांच्यामध्ये दोरी पकडलेली असते, टाच हलकेच टेकते, आणि वजन दुसऱ्या पावलावर जायच्या आधी गुडघा किंचित वाकतो. पिढ्यान्‌पिढ्यांचं शिक्षण आहे ते, आणि 1959 च्या मुंबई भिक्षा प्रतिबंधक कायद्यानं असे खेळ दाखवून मिळवलेले पैसे भिकेतच धरले. हे मला कधीच पटलं नाही. त्या पोरीला फॅमिली डेला बोलावू नकोस, ती शाळेत हवी. पण ढोलकी वाजवणारा तिचा बाप किंवा मावशी मोठी आहेत, जाणती आहेत. त्यांना बोलव, मानधन ठरवून, नाव पुकारून, शाल-नारळ देऊन. दोरी गुडघ्याइतकी खाली बांधा, आणि तुमच्या व्यवस्थापकांना त्यावरून चार पावलं चालायला ते शिकवू देत. शिकवणाऱ्याकडे लोक वेगळ्या नजरेनं बघतात. ती नजर त्यांच्या वाट्याला फार कमी आलीय.

खेळ करणं आणि शिकवणं आपल्याकडे पहिल्यापासून हातात हात घालूनच आलंय. देशातली पहिली सर्कस काढली ती अंकलखोपच्या विष्णुपंत छत्र्यांनी, 1880 मध्ये. घोड्यांना शिकवण्यात तरबेज माणूस. इटलीच्या कियारिनीची सर्कस मुंबईला आली होती, ती बघून त्यांनी हे मनावर घेतलं. पण सर्कस चालवायची म्हणजे कलाकार लागणार, आणि ते तयार कुठून मिळणार? केरळात तलश्शेरीला त्यांची गाठ कीलेरी कुन्हिकण्णन या व्यायामशिक्षकाशी पडली. त्या शिक्षकानं पुढे 1901 मध्ये सर्कस शिकवणारी शाळाच काढली आणि तिथली मुलं देशभरच्या तंबूंत पोचली. पुण्यात जन्मलेले दामू धोत्रे तर अमेरिकेत रिंगलिंग ब्रदर्सच्या सर्कशीत वाघ-सिंहांचे नामांकित शिक्षक झाले. कोणीतरी शिकवत राहिलं म्हणून हा धंदा टिकला.

म्हणून कलाकार ठरवताना खेळाबरोबर शिबिराचेही पैसे ठरव. सकाळी दोन तास शिबिर, संध्याकाळी खेळ. लाइनवरचे ऑपरेटर चेंडू फार लवकर शिकतात, असं माझं निरीक्षण आहे. हाताला लय असतेच. साहेब मंडळींना वेळ लागतो. वेल्डिंग करणारा माणूस आपल्याच मॅनेजरला 'सर, वर बघा, हाताकडे नको' असं सांगतो, तेव्हा दोघांमध्ये जे मोकळेपण येतं ते कुठल्या भाषणानं येत नाही.

शिबिराला बसायच्या आधी मात्र अंगठ्या, बांगड्या, मंगळसूत्र, कानातलं सगळं काढून ठेवायचं. अंगठीचं कारण शॉप फ्लोअरवर सगळ्यांना ठाऊक आहे: दोरीत किंवा कापडात ती अडकली तर बोट सोलून निघतं. शिक्षक कसा आहे ते पहिल्या पंधरा मिनिटांत कळतं. पाठीचं, गुडघ्याचं, रक्तदाबाचं दुखणं आहे का, कोणी गरोदर आहे का, हे तो विचारतो. वर चढायच्या आधी खाली कसं यायचं ते शिकवतो. आधार द्यायला हात लावण्याआधी 'लावू का?' म्हणतो. आणि कोणाला जमलं नाही तर सगळ्यांसमोर त्याची फजिती करत नाही. यांतलं एकही दिसलं नाही तर पैसे गेले तरी चालतील, उठून ये.

तू स्वतः पुढे शिकत राहणार असशील तर लांब कशाला शोधतेस? दोरीचा मल्लखांब बघ. बाळंभटदादा देवधरांनी पेशवाईच्या अखेरीस मल्लखांबाला नवं आयुष्य दिलं. पुण्यात महाराष्ट्रीय मंडळासारख्या संस्थांनी आणि मुंबईत दादरच्या समर्थ व्यायाम मंदिरानं तो जपला. 2019 मध्ये मल्लखांबाची पहिली जागतिक स्पर्धा शिवाजी पार्कवर झाली. परदेशातून लोक येऊन शिकतात आणि आपल्या पोरी रेशमी कापडाच्या महागड्या वर्गांची चौकशी करतात. कापड वाईट नाही, पण पायांची अढी घालून दोरी धरणं, पायाच्या बोटांत ती पकडून अंग वर उचलणं हे जिला आलं, तिला कापड सोपं जातं. तुमच्या निगडी-चिंचवड भागातल्या व्यायामशाळांत, शाळांत एकदा स्वतः जाऊन विचार. तिशी उलटली म्हणून लाजू नकोस. कसरतपटू व्हायचं नाहीये तुला, खांदे उघडायचेत आणि भीती थोडी कमी करायचीय. सुरुवातीला तळहात सोलतील, मांड्यांवर वळ उठतील. पूर्ण पायांची लेगिंग घाल, रात्री हाताला खोबरेल लाव, आणि एक दिवस सोडून जा.

शेवटचं, पैशांचं. तुमच्याकडे सप्लायरला पंचेचाळीस दिवसांनी बिल चुकतं करायची पद्धत असेल. ती कलाकाराला लावू नकोस. त्याच्या पुढच्या गावचं भाडं, दोऱ्या, घरी पाठवायची रक्कम याच पैशांवर असते. अर्धे आधी, उरलेले त्याच रात्री खात्यात, असं पर्चेसकडून आत्ताच लिहून घे. पाऊस आला, कार्यक्रम रद्द झाला तर किती देणार, तेही लिही. खेळाच्या वेळेपुरता अपघात विमा कंपनीच्या खर्चानं काढ, कंपनीच्या दवाखान्याची गाडी आणि माणूस हजर ठेव. आणि स्टेजवरून आभार मानताना प्रायोजकांच्या आधी कलाकारांची पूर्ण नावं वाचायला सांग, आडनावांसकट. ती आदल्या दिवशी त्यांनाच विचारून, नीट लिहून घे.